अमेरिकेत घर घेताना: क्लोजिंग एजंटने घोटाळा केला तर टायटल कंपनीला जबाबदार कसं धरायचं

अमेरिकेत घर घेणारी आपली बहुतेक माणसं व्याजदरावर महिनाभर डोकं खपवतात आणि टायटल इन्शुरन्सची, म्हणजे घराच्या मालकीतल्या दोषांपासून संरक्षण देणाऱ्या विम्याची, ओळ दोन सेकंदांत ओलांडून पुढे जातात. एकदाच भरायचा प्रीमियम, नंतर कधीतरी टपालाने येणारी पॉलिसी, ती फाइलला लावली की विषय संपला. पण क्लोजिंगच्या, म्हणजे सह्या होऊन पैसे आणि घर हस्तांतरित होण्याच्या, दिवशी तुमचं डाउन पेमेंट आणि बँकेचं सगळं कर्ज ज्या खात्यात जमा होतं, ते खातं टायटल विमा कंपनीचं नसतं. बहुतेक वेळा ते तिच्या एजंटचं असतं. त्या एजंटने पैसे खाल्ले, खोटे कागद केले किंवा विक्रेत्याचं जुनं मॉर्टगेज (गृहकर्ज) फेडलंच नाही, तर पॉलिसीवर जिचं नाव आहे ती कंपनी भरपाई देणार का?

उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. क्लोजिंगच्या आधी तुम्ही कोणते कागद मागून घेतले आणि घोटाळा उघड झाल्यावर नोटीस किती लवकर पाठवली, यावर ते बरंचसं ठरतं. म्हणून या लेखाचा अर्धा भाग आधीच्या तयारीचा आहे आणि अर्धा दाव्याचा. कायदा राज्यागणिक बदलतो, त्यामुळे प्रत्यक्ष दाव्याच्या वेळी त्या राज्यातला रिअल इस्टेट वकील लागेलच.

कोण कोणाचा माणूस

पॉलिसीमागे उभी असते ती अंडररायटर, म्हणजे विमा कंपनी. हा बाजार मुख्यत्वे चार गटांच्या हातात आहे: फिडेलिटी नॅशनल, फर्स्ट अमेरिकन, ओल्ड रिपब्लिक आणि स्ट्युअर्ट. तुमचा संबंध मात्र येतो गावातल्या टायटल एजन्सीशी, आणि काही राज्यांत वकिलाशी. प्रीमियमचा मोठा हिस्सा या एजंटकडेच राहतो.

एजंट दोन वेगळी कामं करतो. पहिलं काम विम्याचं: मालकीचा शोध घेणं, कमिटमेंट (कोणत्या अटींवर पॉलिसी देऊ, हे सांगणारा कागद) काढणं, पॉलिसी देणं. दुसरं काम क्लोजिंगचं: सगळ्यांचे पैसे एस्क्रो खात्यात, म्हणजे सगळ्यांच्या वतीने सांभाळायच्या खात्यात, घेणं, विक्रेत्याचं जुनं कर्ज फेडणं, डीड (खरेदीखत) आणि मॉर्टगेज काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्हा कार्यालयात, नोंदवणं, उरलेली रक्कम वाटणं. विमा कंपनी आणि एजंट यांच्यातल्या करारात साधारणपणे पहिल्याच कामाचा अधिकार दिलेला असतो. दुसरं काम एजंटचा स्वतःचा धंदा, असं कंपनी म्हणते. ग्राहकाला ही फूट दिसतच नाही. त्याच्या दृष्टीने एकच ऑफिस, एकच माणूस, आणि भिंतीवर मोठ्या कंपनीचा लोगो. कोर्टातली जवळपास सगळी भांडणं इथूनच सुरू होतात.

महाराष्ट्रातून आलेल्याला ही रचना आणखी अनोळखी वाटते. तिकडे आपण वकिलाचा सर्च रिपोर्ट, सातबारा, इंडेक्स टू बघतो आणि पैसे आपल्या बँकेकडून थेट विक्रेत्याला किंवा त्याच्या बँकेला जातात. रेरा कायद्याच्या कलम १६ मध्ये टायटल विम्याची तरतूद आहे, पण घर घेणाऱ्या सामान्य माणसाचा त्याच्याशी क्वचितच संबंध येतो. व्यवहाराची पूर्ण रक्कम एका तिसऱ्याच्या खात्यात काही तास किंवा दिवस पडून राहते, ही गोष्ट इथे आल्यावरच कळते.

टायटल इन्शुरन्स मुळात या जोखमीसाठी जन्मालाच आलेला नाही. १८६८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका खटल्यात मालकीचा शोध सदोष निघाला, पण शोध घेणाऱ्याचा हलगर्जीपणा नव्हता म्हणून खरेदीदाराला भरपाई मिळाली नाही. त्यातून १८७६ मध्ये फिलाडेल्फियात पहिली टायटल विमा कंपनी उभी राहिली. विमा होता जमिनीच्या इतिहासाचा. पैसे हाताळणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची हमी नंतर, वेगळ्या कागदाने जोडली गेली.

घोटाळा कसा होतो, एक उदाहरण

समजा, न्यू जर्सीत एडिसनला तुम्ही ६,५०,००० डॉलरचं घर घेतलं. विक्रेत्याच्या जुन्या मॉर्टगेजचे ३,१०,००० डॉलर बाकी होते. क्लोजिंगला सगळ्यांनी सह्या केल्या, किल्ल्या मिळाल्या, वास्तुशांत झाली. एजंटने ३,१०,००० जुन्या बँकेला पाठवलेच नाहीत. ते त्याने दुसऱ्या व्यवहारातली तूट भरायला वापरले, म्हणजे इकडची टोपी तिकडे. बोभाटा होऊ नये म्हणून तो जुन्या कर्जाचा मासिक हप्ता मात्र नेमाने भरत राहिला. जुन्या बँकेला हप्ते मिळतायत, विक्रेत्याला वाटतं कर्ज फिटलं, तुम्हाला वाटतं घर मोकळं आहे.

चौदा महिन्यांनी एजन्सीला कुलूप लागतं, हप्ते थांबतात आणि तुमच्या दारावर जुन्या बँकेच्या फोरक्लोजरची, म्हणजे कर्जवसुलीसाठी घर ताब्यात घेऊन विकण्याची, नोटीस येते. तुमच्या बँकेचं मॉर्टगेज आता पहिल्या नव्हे, दुसऱ्या क्रमांकावर आहे, त्यामुळे तीही तुमच्याइतकीच अडकली.

हे चौदा महिने लक्षात ठेवा. पुढे त्यांचा हिशोब आहे.

दुसरा प्रकार बँकेला फसवण्याचा. खरेदीदार नावापुरता उभा केलेला असतो, घराची किंमत फुगवलेली असते, डाउन पेमेंट आलंच नाही तरी एजंट क्लोजिंगच्या हिशोबात ‘मिळालं’ असं दाखवतो, आणि बँकेचे पैसे टोळीत वाटले जातात. इथे जमिनीच्या मालकीत दोष नसतो, खोटं असतं ते हिशोबात. म्हणून कंपनी म्हणते, हा कर्ज-फसवणुकीचा मामला आहे, आमच्या विम्याचा नाही. २००८ च्या पडझडीनंतर असे बरेच खटले उभे राहिले.

जबाबदारीचे तीन रस्ते

पहिला रस्ता पॉलिसीचा. एडिसनच्या उदाहरणात जुनं मॉर्टगेज पॉलिसीच्या अपवादांच्या यादीत नसेल, तर कंपनीने तुम्हाला ‘असा बोजा नाही’ असं वचन दिलेलं आहे. बोजा का राहिला, एजंट चोर होता की विसराळू, हे गौण ठरतं. बोजा आहे म्हणून कंपनी बांधील. बऱ्याच लोकांना हे सुचत नाही आणि ते एजंटच्या मागे धावत बसतात.

दुसरा रस्ता क्लोजिंग प्रोटेक्शन लेटरचा, म्हणजे सीपीएलचा. टेक्सासमध्ये त्याला इन्शुअर्ड क्लोजिंग सर्व्हिस लेटर म्हणतात. हे विमा कंपनीचं स्वतंत्र पत्र असतं. आमच्या अमुक एजंटने क्लोजिंगमध्ये तुमचे पैसे किंवा कागद हाताळताना फसवणूक, चोरी किंवा अप्रामाणिकपणा केला, किंवा लेखी सूचना पाळल्या नाहीत, तर तुमचं प्रत्यक्ष नुकसान आम्ही भरून देऊ, असं त्यात लिहिलेलं असतं.

तिसरा रस्ता सर्वसाधारण एजन्सी कायद्याचा आणि राज्याच्या कायद्याचा. एजंटला अधिकार आहे असा समज कंपनीने स्वतःच्या वागण्यातून निर्माण केला असेल, तर करारात काही लिहिलेलं असलं तरी ती बांधली जाऊ शकते. हा रस्ता सगळ्यात लांबचा आणि खर्चाचा, आणि निकाल दोन्ही बाजूंनी गेलेले आहेत.

न्यू जर्सीतल्या वाचकांनी एक निकाल माहीत करून घ्यावा. १९९३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टासमोर सिअर्स मॉर्टगेज या कर्ज देणाऱ्या कंपनीचं प्रकरण आलं. खरेदीदाराच्याच वकिलाने जुनं मॉर्टगेज फेडायचे पैसे हडपले होते. कंपनीचं म्हणणं होतं की वकील तुमचा, त्याचं पाप तुमच्या माथी. कोर्टाने ते मानलं नाही. टायटल मोकळं करण्यासाठी पैसे हाताळताना तो वकील कंपनीचाही एजंट होता, आणि असं संरक्षण विकत मिळतं हे कंपनीने खरेदीदाराला सांगितलंच नव्हतं, असं कोर्टाने धरलं. तोटा कंपनीच्या पदरात पडला.

फ्लोरिडाने तर कायद्यातच लिहून ठेवलंय. परवानाधारक टायटल एजंटने विश्वस्त म्हणून ठेवलेल्या पैशांचा अपहार केला तर विमा कंपनी जबाबदार. एजंट अनेक कंपन्यांचा असेल तर अपहाराआधी जिच्या नावाने कमिटमेंट किंवा पॉलिसी निघाली, ती कंपनी. कुणाच्याच नावाने निघाली नसेल तर आदल्या वर्षात त्या एजंटकडून ज्या प्रमाणात प्रीमियम मिळाला, त्या प्रमाणात सगळ्या कंपन्यांनी वाटून घ्यायचं. ओहायोत व्यवहारातल्या बँकेला, कर्जदाराला आणि विक्रेत्यालाही असं संरक्षण देऊ करणं बंधनकारक आहे. न्यूयॉर्कमध्ये उलट, तिथे सीपीएल देताच येत नाही. आणि आयोवामध्ये खाजगी टायटल विमा विकला जात नाही, राज्य सरकारचीच हमी योजना आहे.

पायरी १: अंडररायटरचं नाव शोधा

खरेदीचा करार झाला की एजन्सीला एक साधा ईमेल टाका: ‘या व्यवहारासाठी तुमचा अंडररायटर कोण? राज्याचा परवाना क्रमांक काय?’ मग राज्याच्या विमा खात्याच्या संकेतस्थळावर परवाना बघा आणि अंडररायटरच्या मुख्य ऑफिसला फोन करून हा एजंट आजही नेमणुकीत आहे का ते विचारा. फोन नंबर एजंटच्या ईमेलमधून घेऊ नका, कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. टायटल कंपन्यांची राष्ट्रीय संघटना, जिला सगळे आल्टा म्हणतात, तिची एक फुकट नोंदवही ऑनलाइन आहे. अंडररायटरने दुजोरा दिलेल्या एजंटच्या प्रत्येक ऑफिसला त्यात ओळख क्रमांक असतो. तिथेही एकदा बघून घ्या.

एजन्सी बिल्डरने किंवा रिअल्टरने सुचवलेली असेल तरी तीच घेण्याची सक्ती तुमच्यावर नाही.

कॅलिफोर्नियात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तिथे पैसे कधी कधी स्वतंत्र एस्क्रो कंपनीकडे असतात, जी टायटल विमा कंपनीची एजंटच नसते. अशा वेळी पैसे नक्की कोणाच्या खात्यात जातायत आणि त्या खात्यामागे कोणाची हमी आहे, हे लेखी विचारा.

पायरी २: कमिटमेंट वाचा

क्लोजिंगच्या आधी एजंट टायटल कमिटमेंट देतो. कागद जाडजूड असतो, पण तुम्हाला तीनच गोष्टी बघायच्या आहेत. शेड्युल ए मध्ये तुमचं नाव, घराचं वर्णन आणि विम्याची रक्कम बरोबर आहे का. शेड्युल बी च्या पहिल्या भागात, म्हणजे पूर्ण करायच्या अटींमध्ये, विक्रेत्याचं जुनं मॉर्टगेज फेडून त्याची मुक्तता नोंदवायची असं लिहिलंय का. आणि दुसऱ्या भागात, म्हणजे अपवादांमध्ये, तेच मॉर्टगेज चुकूनही आलेलं नाही ना. ते अपवादात राहिलं तर पहिला रस्ता तिथेच बंद.

आणि मालकाची पॉलिसी घ्या. बँक फक्त तिच्या पॉलिसीचा आग्रह धरते, आणि ती बँकेचं रक्षण करते. तुमचं भांडवल तिच्यात येत नाही. मालकाची पॉलिसी ऐच्छिक आहे म्हणून काही शे डॉलर वाचवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: हे पैसे इथे वाचवू नका.

पायरी ३: सीपीएल स्वतःच्या नावावर मागा

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. बँक स्वतःच्या नावाचं सीपीएल घेतेच. ‘बँकेकडे आहे ना’ म्हणून खरेदीदार स्वस्थ बसतो, पण ते पत्र ज्याच्या नावे असतं त्यालाच संरक्षण देतं. ज्या राज्यांत खरेदीदाराला ते मिळतं, तिथे खर्च थोडका असतो, पंचवीस डॉलरपासून सव्वाशे डॉलरपर्यंत. एजंटला लिहा: ‘खरेदीदार म्हणून माझ्या नावाचं क्लोजिंग प्रोटेक्शन लेटर अंडररायटरकडून हवं आहे. पैसे वायर करण्याआधी प्रत पाठवावी.’

पत्र आल्यावर पुढच्या गोष्टी तपासा.

पत्र अंडररायटरच्या लेटरहेडवर आहे का, आणि त्यावरचा क्रमांक कंपनीकडे पडताळता येतो का. घोटाळेबाज एजंट खोटं पत्रही बनवतो, म्हणून पडताळणी कंपनीशीच करायची.

एजंटचं नाव तेच आहे का, ज्याच्या खात्यात तुम्ही पैसे पाठवणार आहात? पत्रात एक एजन्सी आणि वायरच्या सूचनेत तिची दुसरीच ‘एस्क्रो सर्व्हिसेस’ कंपनी, असं दिसलं तर तिथेच थांबा. पत्र फक्त नाव घेतलेल्या एजंटपुरतं असतं.

फसवणुकीच्या कलमाचे शब्द नीट वाचा. जुन्या नमुन्यांत ‘पैसे किंवा कागद हाताळताना केलेली फसवणूक’ एवढंच असायचं. नंतरच्या नमुन्यांत ‘ती फसवणूक टायटलच्या स्थितीशी किंवा मॉर्टगेजच्या वैधतेशी आणि अग्रक्रमाशी संबंधित असेल तेवढ्यापुरती’ अशी मेख मारलेली आहे. जुनं कर्ज न फेडणं त्यात बसतं. फुगवलेली किंमत किंवा नावापुरता खरेदीदार बसवायला मात्र वकिलाला घाम गाळावा लागतो.

मुदत किती? आल्टाच्या नमुन्यात पैसे पाठवल्यापासून एका वर्षात लेखी दावा पोहोचला पाहिजे, असं असतं. आता एडिसनचे चौदा महिने आठवा. एजंट जुने हप्ते भरत राहिला त्यामुळे वर्ष उलटून गेलं आणि सीपीएलचा रस्ता बंद झाला. उरली ती पॉलिसी. मालकाची पॉलिसी नसती, तर हातात फक्त कोर्टाची पायरी होती.

आणि एक वाक्य पत्राच्या शेवटाकडे हमखास सापडेल: हा एजंट फक्त पॉलिसी देण्यापुरता आमचा एजंट आहे, क्लोजिंगच्या सेवांसाठी नाही, आणि आमची जबाबदारी या पत्रापुरतीच. तिसरा रस्ता अडवण्यासाठीच ते वाक्य तिथे घातलेलं असतं. त्याने घाबरून पत्र नाकारू नका, पण वकिलाला ते दाखवा.

न्यूयॉर्कमध्ये घर घेत असाल तर हे पत्र नाही, त्यामुळे वकिलाची निवड हाच मोठा बचाव. वकिलाने अशिलाचे पैसे खाल्ल्यास भरपाईसाठी न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी दोन्ही राज्यांत वकिलांचे अशील-संरक्षण निधी आहेत.

पायरी ४: पैसे पाठवताना

ऑक्टोबर २०१५ पासूनच्या नियमानुसार क्लोजिंग डिस्क्लोजर, म्हणजे व्यवहाराचा अंतिम हिशोब, तुम्हाला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी मिळायला हवं. त्यातली तुमची आगाऊ रक्कम आणि भरायची रक्कम तुमच्या बँकेच्या कागदांशी जुळवा. तुम्ही न दिलेली रक्कम ‘दिली’ असं दाखवलेलं असेल, तर सही करू नका. ‘फक्त कागदावरच आहे’ हे स्पष्टीकरण चालत नाही, कारण त्या कागदाखाली सही तुमची असते.

विक्रेत्याच्या कर्जाची पेऑफ रक्कम, म्हणजे ते पूर्ण फेडायला लागणारी रक्कम, त्याच्या खाजगीपणामुळे तुमच्या प्रतीत दिसेलच असं नाही. म्हणून वकिलामार्फत एक अट लेखी घाला: पेऑफची वायर गेल्यावर तिचा संदर्भ क्रमांक दोन कामकाजाच्या दिवसांत कळवावा. नीट चालणाऱ्या ऑफिसला याचं काहीच वाटत नाही. आढेवेढे घेणाऱ्या एजंटकडे मात्र जास्त बारकाईने बघायला हवं.

वायरच्या सूचना ईमेलने बदलून आल्या तर त्या चोराच्या असण्याची दाट शक्यता असते. इथे एक फरक जाणून घ्या. तिऱ्हाईत हॅकरने खोटा ईमेल पाठवून पैसे पळवले, तर तो एजंटचा अप्रामाणिकपणा नव्हे, आणि सीपीएलवर विसंबून राहता येणार नाही. त्यामुळे वायरआधी आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खातं पडताळा, दरवेळी.

पायरी ५: क्लोजिंगनंतरचे तीन महिने

किल्ल्या मिळाल्या की सगळे फाइल बंद करतात. साठ ते नव्वद दिवसांनी काउंटी क्लार्कच्या ऑनलाइन नोंदीत तीन गोष्टी बघा: तुमचं डीड नोंदलं गेलं का, तुमच्या बँकेचं मॉर्टगेज नोंदलं गेलं का, आणि विक्रेत्याच्या जुन्या मॉर्टगेजची मुक्तता नोंदली गेली का. मुक्ततेला कधी वेळ लागतो. नव्वद दिवसांनंतरही दिसत नसेल तर एजंटला लेखी विचारा आणि उत्तर गुळमुळीत असेल तर अंडररायटरला प्रत टाका. अंतिम पॉलिसीही याच काळात हातात यायला हवी. एडिसनच्या उदाहरणात तिसऱ्या महिन्यात ही नोंद पाहिली असती, तर वर्षाच्या मुदतीतले नऊ महिने हातात होते.

पायरी ६: घोटाळा उघड झाला तर

एजंटशी वाटाघाटी करत बसू नका. ‘पुढच्या आठवड्यात देतो’ हे तो सगळ्यांनाच सांगत असतो. त्याच दिवशी अंडररायटरच्या दावा विभागाला लेखी नोटीस पाठवा. पत्ता पॉलिसीच्या अटींत आणि सीपीएलवर छापलेला असतो. पावतीसह टपालाने आणि ईमेलने, दोन्हीकडून पाठवा. नोटीसमध्ये स्पष्ट लिहा की दावा पॉलिसीखाली, क्लोजिंग प्रोटेक्शन लेटरखाली आणि कायद्याने उपलब्ध इतर सर्व आधारांवर आहे. फक्त एकाच आधाराचा उल्लेख केलात, तर कंपनी बाकीच्यांबद्दल उशीर झाल्याचं म्हणू शकते.

सोबत जोडा: पॉलिसी किंवा कमिटमेंट, सीपीएल, क्लोजिंग डिस्क्लोजर, तुमच्या वायरची पावती, एजंटचे ईमेल, काउंटीच्या नोंदींची प्रत, फोरक्लोजरची नोटीस. एजंटच्या पाटीचा, लेटरहेडचा, ईमेलखालच्या कंपनीच्या लोगोचा फोटो काढून ठेवा. एजन्सी बंद झाली की या गोष्टी नाहीशा होतात, आणि तिसऱ्या रस्त्यासाठी हाच पुरावा कामाला येतो.

तुमच्या बँकेलाही कळवा. तिचीही पॉलिसी आणि तिचंही सीपीएल आहे, आणि तिच्याकडे वकिलांची फौज आहे.

जुन्या बँकेला स्वतःहून पैसे भरू नका किंवा तडजोड करू नका. पॉलिसीत कंपनीच्या लेखी संमतीशिवाय स्वीकारलेली देणी वगळलेली असतात, आणि सीपीएलमध्येही संमतीशिवाय केलेल्या तडजोडीचा फटका बसतो. फोरक्लोजरचा दावा दाखल झाला असेल तर पॉलिसीखाली तुमचा बचाव करण्याची जबाबदारी कंपनीची आहे. तरीही कोर्टात उत्तर द्यायची तारीख चुकवू नका. कंपनीचा वकील येईपर्यंत तुमच्या वकिलाने मुदतवाढ घ्यावी.

कंपनीचं पहिलं उत्तर बहुधा ‘सर्व हक्क राखून चौकशी सुरू आहे’ असं असतं. तो नकार नसतो. नकार आला, तर त्यामागची कारणं ठरलेली असतात. ‘एजंट क्लोजिंगसाठी आमचा नव्हता’ असं म्हटलं तर पॉलिसीच्या रस्त्यावर याला फारसा अर्थ नाही, कारण तिथे प्रश्न बोजाचा आहे. सीपीएलच्या रस्त्यावर तर पत्रानेच ती जोखीम घेतलेली आहे. ‘नुकसान अजून झालेलं नाही’ असं म्हटलं तर बोजाची रक्कम, फोरक्लोजरचा खर्च आणि अडकलेली विक्री कागदावर दाखवा. ‘तुम्हाला हे माहीत होतं किंवा तुम्हीच हे घडवलं’ असं म्हटलं तर हे सगळ्यात गंभीर, कारण पॉलिसीत तसा अपवाद खरंच आहे. सिअर्स मॉर्टगेजमध्येही कंपनीचा रोख त्याच दिशेने होता.

नकार लेखी आणि कलम दाखवून मागा. तो आला की राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार करा. न्यू जर्सीत बँकिंग आणि विमा खातं, टेक्सासमध्ये टेक्सास डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्स. तक्रारीला फी नसते आणि कंपनीला उत्तर द्यावंच लागतं. अपहार मोठा असेल तर पोलीस आणि एफबीआय यांच्याकडेही नोंद करा.

तुम्हीच कर्ज देणारे असाल तर

आपल्यातले काही जण आता खाजगी कर्ज देतात किंवा घरांच्या दुरुस्ती-विक्रीच्या धंद्यात पैसे घालतात. त्यांनी क्लोजिंगच्या सूचना लेखीच द्याव्यात: डाउन पेमेंट खरेदीदाराच्याच खात्यातून आलेलं असावं, आधीच्या काही महिन्यांत घर पुन्हा पुन्हा विकलं गेलं असेल तर क्लोजिंग थांबवावं, वगैरे. एजंटने सूचना मोडली हे दाखवता आलं, तर फसवणुकीचा हेतू सिद्ध करायची गरज उरत नाही. मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये बँक ऑफ अमेरिका आणि फर्स्ट अमेरिकन यांच्या खटल्यात असं ठरवलं की, फोरक्लोजरच्या लिलावात बँकेने पूर्ण कर्जाइतकी बोली लावली, म्हणजे कागदोपत्री कर्ज वसूल झालं, एवढ्यावरून सीपीएलसारख्या करारावरचा तिचा तिसऱ्या पक्षाविरुद्धचा दावा बुडत नाही. इतर राज्यांत असंच होईल हे गृहीत धरू नका. बोली लावण्याआधी वकिलाला विचारा.

नाव देऊ नका

एक प्रस्ताव ओळखीतून, मंडळाच्या कार्यक्रमात, कधी नात्यातूनही येतो: ‘तुझा क्रेडिट स्कोअर चांगला आहे, घर तुझ्या नावावर घेऊ, हप्ते मी भरतो, तुला दहा हजार देतो.’ बँकेला ‘मी इथे राहणार’ किंवा ‘डाउन पेमेंट माझं’ असं खोटं लिहून देणं हा केंद्रीय गुन्हा आहे. बँक फसवणुकीला तीस वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांना धोका त्याहून मोठा. नुकसान दहा हजार डॉलरच्या वर असलेल्या फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, तर इमिग्रेशन कायद्यात तो देशाबाहेर काढण्याजोगा गंभीर गुन्हा ठरतो. मुलं इथे शाळेत, घर इथे, नोकरी इथे, आणि सही एका ओळखीच्या माणसासाठी.

अशा व्यवहारात एजंटही सामील असेल आणि पुढे सगळं फुटलं, तरी टायटल कंपनीकडे तुम्हाला एक डॉलरही मागता येणार नाही. स्वतः घडवून आणलेल्या किंवा मान्य केलेल्या दोषाला पॉलिसीत संरक्षण नाही, सीपीएलमध्येही नाही. उलट बँकेची भरपाई केल्यावर कंपनी बँकेच्या जागी उभी राहून तुमच्यावरच वसुलीचा दावा लावू शकते. असा प्रस्ताव आधीच स्वीकारलेला असेल, तर बँकेशी, एजंटशी किंवा त्या ओळखीच्या माणसाशी आणखी काहीही बोलण्याआधी फौजदारी वकिलाला भेटा, आणि सोबत इमिग्रेशनचा वकीलही घ्या.